ऐंशीच्या आत

८ जानेवारी

ही वही आहारतज्ज्ञ बाईंनी दिली. म्हणाल्या, "रोज जे खाल ते लिहा. लपवू नका. मी पाहणार नाही, ही तुमची तुमच्यासाठी." कुणी पाहणारच नसेल तर लिहायचं कशाला, असं विचारणार होते. पण बाई वयाने लहान आणि चेहऱ्याने फार गंभीर, म्हणून गप्प बसले.

तर आज. सकाळी दोन अंडी, बिनसाखरेचा चहा. दुपारी माशाचा तुकडा आणि कोबी. संध्याकाळी कोबी. उद्याही कोबीच आहे.

वजन ९३. धाकट्या भावाला माझं मूत्रपिंड जुळतं. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं, वजन तेवढं आडवं आलं. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर ८० लिहिलं, भोवती गोल काढला आणि म्हणाले, "याच्या आत या, मग पुढचं. जूनपर्यंत जमवा." जादा वजनाच्या माणसाकडे एकच मूत्रपिंड उरलं तर पुढे त्याच्याच जिवाला घोर लागतो, म्हणून हा नियम. तेरा किलो. मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. असा हात तिने मागे कधी फिरवला होता, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

भावजयीची तपासणी माझ्या आधीच झाली होती. तिचं 'बसत नाही' असं पत्र आलं. का बसत नाही, ते त्यात नव्हतं. बिचारी दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

११ जानेवारी

पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखर बंद. खरं तर बाईंनी पाव अगदी बंद करायला सांगितलेला नाही. तक्त्यात सकाळचा एक तुकडा आहे. तो मी माझ्या मनाने काढला. धरायचं तर पुरतं धरावं.

आई माझ्यासमोर पाव खाते आणि विचारते, "पोट भरतं का गं तेवढ्याने?" मी म्हणते, भरतं. भूक लागते तशी लागते, पण शेजारच्या घरात कुणी भांडत असावं, तशी लांबून.

१७ जानेवारी

दुकानात बँकेतल्या बाई आल्या. या बाईंमुळेच मी पाव सोडला, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायला हवं. चार महिन्यांत चौदा किलो उतरल्या. मागच्या खेपेला त्यांना पाहिलं तेव्हा गल्लीतून दुसरंच कुणी येतंय असं वाटलं होतं. आज सहा ड्रेस आणि एक कोट घेऊन आल्या, सगळं आत घ्यायला. आरशासमोर वळून वळून पाहत होत्या. "पाव, भात, बटाटा, साखर. चौघांना घराबाहेर काढलं आणि सुटले बघा," म्हणाल्या.

मी खडूने खुणा केल्या आणि नेहमीसारखं म्हटलं, माया आत दुमडून ठेवते. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर तेवढीच कामी येते. ज्यांच्या हाताखाली शिकले ते मास्तर म्हणायचे, कपडा कितीही घट्ट कर, माया कापायची नाही, ती तुझी नव्हे.

बाई म्हणाल्या, "नुसती दुमडू नका. कापा. परतीचे दोर कापून टाकायचेत मला."

असं पुष्कळजण म्हणतात. मी हो म्हणते आणि आतल्या आत ठेवून देते. सव्वीस वर्षं हेच करत आले. आज मात्र कात्री घेतली आणि साती कपड्यांची कापली. नंतर खाली पडलेल्या पट्ट्या पायाने गोळा करताना वाटलं, हे आपण काय केलं. पण तेवढंच वाटलं. इस्त्री तापली होती, कामाला लागले.

२३ जानेवारी

मंगळवार. मंगळवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवते आणि धाकट्याजवळ बसते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्याचं रक्त मशीनमधून फिरवून आणतात. मी हाताने करायची कामं बरोबर नेते. काजं, बटणं, पँटच्या तळाची शिवण. वेळ बरा जातो.

त्याचं वजन मशीनला जोडायच्या आधी करतात आणि सोडल्यावर करतात. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं सगळं अंगात साठतं. आज आला तेव्हा चौसष्ट, निघाला तेव्हा साडेएकसष्ट. काट्यावरून उतरून म्हणतो, "बघ ताई, अडीच किलो. तुझा पंधरवडा, माझे चार तास. कोबी सोड आणि इथे भरती हो."

नर्स हसली. मीही हसले. लहानपणापासून तो असाच. चटका बसला तरी आधी विनोद करायचा, मग ओरडायचा.

७ फेब्रुवारी

८७.४. आई म्हणाली, "पाहिलंस? मनात आणलं की होतं." भावजयीने फोनवर अभिनंदन केलं आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मी विचारलं, ऐकतेयस ना? "ऐकतेय ताई," म्हणाली. "तुम्ही स्वतःला फार त्रास करून घेऊ नका हं." तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी असेल.

आहारतज्ज्ञ बाईंना मात्र आनंद झालेला दिसला नाही. म्हणाल्या, यातले निम्मे पाण्याचे. पाव-भात बंद केला की शरीर आधी साठवलेलं पाणी सोडतं, म्हणून सुरुवातीला काटा झरझर उतरतो. "खरं वजन हळू उतरतं. आणि मी दिलेला पावाचा तुकडा कुठे गेला?"

"मीच नको म्हटलं."

"असं किती दिवस जमेल?"

"जूनपर्यंत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि जुलैत?" मी म्हणाले, जुलैत ते मूत्रपिंड त्याच्याकडे असेल. त्यांनी माझा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाल्या, पाव सोडून वजन उतरतं, यात शंका नाही, लोक उतरतात. पण वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं तर हे सोडा नाही तर ते सोडा, बहुतेकांचा हिशेब सारखाच होतो. ज्याला जे निभावतं तेच त्याचं खरं. मला त्यांचं म्हणणं पटलं. पण ते माझ्याबद्दल नव्हतं.

२० फेब्रुवारी

आज धाकट्याकडून लवकर घरी आले. आई आतल्या खोलीत मावशीशी फोनवर बोलत होती. "सुनेचं बसलं नाही ते एका परीने बरंच झालं. तिच्या पदरी दोन लेकरं. हिचं काय, हिला मागे ना पुढे कुणी. नवरा होता तोही गेला. हिच्या हातून एवढं झालं तर जन्माचं सार्थक."

मी चपला काढल्या. तोंड धुतलं. कोबी चिरला. वाईट वाटायला हवं होतं. थोडा वेळ थांबून पाहिलं, नाही वाटलं. तिचं म्हणणं खोटंही नाही. मला मागे-पुढे कुणी नाही.

खाल्लं: कोबी, तीन अंडी.

४ मार्च

८२.४. माझे चार ड्रेस आत घेतले. माया कापली. बँकेतल्या बाईंची कापली आणि स्वतःची ठेवली, तर ते बरं दिसलं नसतं.

केस गळतात. तोंडाला कसलातरी वास येतो, सडक्या फळासारखा. आई म्हणाली, बडीशेप खा. बडीशेपेत साखर असेल या भीतीने नाही खाल्ली.

१९ मार्च

८२. मागच्या मंगळवारीही ८२. त्याच्या मागच्यालाही.

धाकटा म्हणाला, "ताई, हळू. मला कुठे घाई आहे? मी इथेच असतो, हलत नाही." आज त्याच्या हाताची सुई दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. त्याने नर्सला सांगितलं, "आमची ताई लावेल, तिचा दोरा पहिल्या झटक्यात ओवला जातो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला शेवटी एकटीला आत बोलावतील. घरचं कुणी बरोबर नसतं. तिथला माणूस काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐक. मध्येच हो म्हणू नकोस. तुला ती सवय आहे."

मी म्हणाले, बरं.

"बघ," तो म्हणाला.

२६ मार्च

८२. काहीच चुकत नाही तरी उतरत नाही. बाईंनी विचारलं, वहीत सगळं लिहिता ना? लिहिते. खाल्लेलं सगळं लिहिते.

आईच्या पावाच्या कडा ताटात उरतात त्या टाकवत नाहीत, म्हणून तोंडात टाकते. ते खाणं नव्हे. परवा आईने खीर केली, पातेलं घासायला घेताना चमचाभर चाटली. दुकानाशेजारच्या बेकरीतला माणूस रोज चार वाजता चव पाहायला एक बिस्किट पुढे करतो. त्याचं मन कुठे मोडायचं. हे सगळं मिळून मूठभरही होणार नाही.

मजा म्हणजे काट्यावर ८२ दिसले की मला सुटल्यासारखं वाटतं. का, ते कळत नाही. उतरले नाहीत म्हणून रडू यायला हवं.

८ एप्रिल

धाकट्याला सकाळी रुग्णालयात नेलं. शनिवारनंतर एकदम मंगळवारी मशीन, मधल्या दोन दिवसांत पाणी जपून प्यायचं असतं. दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, त्यातच औषधाबरोबरचे घोट. तो काल नळाखाली तोंड धरून प्याला. भावजयीने पाहिलं, पण थांबवलं नाही. म्हणाली, "ताई, तो लहान मुलासारखा पीत होता हो." पाणी फुप्फुसात गेलं. दोन तास जीव टांगणीला होता.

आता बरा आहे. काचेतून मला अंगठा वर करून दाखवला.

आई बाकावर बसली होती. मला म्हणाली, "दोन किलो. दोन किलोंपायी माझं पोर जायचं होतं."

मी म्हणाले, उद्यापासून कडा पण नाहीत. तिला काही कळलं नाही.

१२ एप्रिल

अंडी. मासा. पाणी.

३० एप्रिल

८०.९. आजही अंडी आणि मासा. कोबीसुद्धा निम्मा केला. बेकरीवाल्याने बिस्किट पुढे केलं तेव्हा मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने मान वळवली. बरं झालं.

शिलाई मशीनवर बसलं की डोळ्यांपुढे काळं होतं, मग जातं. परवा टीप वाकडी गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाने कपडा परत आणला. उसवून पुन्हा मारली.

नवऱ्याला जाऊन काल दोन वर्षं झाली, हे आज लक्षात आलं.

२० मे

बँकेतल्या बाई आल्या. दारात उभ्या होत्या, आत येईनात. कोट अंगावर होता, बटणं लागत नव्हती. पिशवीत सहा ड्रेस.

"थोडे सैल करून द्या," म्हणाल्या.

मी एक ड्रेस उलटा केला. शिवण दाखवली. आत काही नव्हतं. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं, मग दुसरा, मग तिसरा.

"कापली?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मी सांगितलं!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. "मी तेव्हा वेडी झाले होते. आईच्या आजारपणात दोन महिने तिच्याजवळ होते, ती जे खाईल ते खाल्लं, तिला एकटीला कसं खाऊ देणार? मला काय माहीत होतं? पण तुम्हाला माहीत होतं की नाही? तुमच्याकडे रोज येतात माणसं. तुम्हाला माहीत होतं की नाही?"

मला माहीत होतं. आत घ्यायला येतात ती वर्षा-दोन वर्षांत बाहेर काढायला येतात. सगळी नाहीत. दहातली दोघं-तिघं येत नाहीत, ती जेवणाच्या वेळी जेवतात, चालतात, थोडी उतरलेली असतात आणि तेवढीच राहतात. चौदा किलोवाली मात्र येतात. याला ना पुस्तक लागतं ना डॉक्टर. माझ्या टेबलावर आहे सगळं.

मी म्हणाले, चुकले. बाजूने पट्टी जोडून देते, रंगाला रंग मिळवून. "कळेल ना पण जोड," त्या म्हणाल्या. कळेल, म्हणाले. मग त्या स्टुलावर बसल्या आणि तिथेच रडल्या. मी पाणी दिलं.

२३ मे

७९.६. आहारतज्ज्ञ बाईंनी दोनदा पाहिलं. आईने फोन करून करून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. धाकट्याला मी कळवलं तर तो नुसता "हं" म्हणाला.

मला काहीच वाटलं नाही. मी काट्यावरून उतरले आणि चपला घातल्या.

२९ मे

आज एकटीला आत बोलावलं. गळ्यात चष्मा अडकवलेले एक वयस्क गृहस्थ होते. ते धाकट्याचे डॉक्टर नाहीत, त्यांचं काम फक्त देणाऱ्याची बाजू पाहणं. टेबलावर माझी फाईल होती, पण त्यांनी ती उघडली नाही.

म्हणाले, "आधी एक सांगतो. तुम्ही आत्ता किंवा ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा नको म्हणू शकता. तसं झालं तर आम्ही घरच्यांना 'बसत नाही' एवढंच कळवतो. कारण लिहीत नाही. विचारलं तरी सांगत नाही. तुमच्या तोंडून गेल्याशिवाय ते कुणाला कधीही कळत नाही."

मी मध्येच हो म्हणणार होते, पण धाकट्याने बजावलं होतं म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. पद्धत चांगली आहे. मनाने कच्च्या माणसांची सोय होते. भावजयीची आठवण झाली, तिचं खरोखरच बसलं नाही. नाही तर तिला असं कुणी सांगितलं असतं तरी ती मागे हटली नसती.

मग त्यांनी विचारलं, "आठवडाभर काय खाल्लंत?" सांगितलं.

"पाच वर्षांनी काय खात असाल?"

"कोबी."

ते हसले नाहीत. "आवडतो?"

"नाही."

"एका मूत्रपिंडावर जन्म काढायचा तर वजन जन्मभर ताब्यात हवं. आम्हाला जूनमधल्या एका दिवसापुरती ऐंशी किलोची बाई नकोय. म्हणून विचारतो. हे तुम्ही पुढेही निभावाल?"

तोंडातून नेहमीचं हो निघालं नाही. मला टेबलावर पसरलेले ते सहा ड्रेस दिसले. मी म्हणाले, "माझ्या धंद्यात मी असं निभावताना फारसं कुणाला पाहिलं नाही."

"बरं. आणि मूत्रपिंड द्यावंसं वाटतं?"

"द्यायचं आहे."

"द्यायचं आहे, हे मला माहीत आहे. द्यावंसं वाटतं का, ते विचारलं."

खोलीत पंखा फिरत होता. मी दोन्ही वाक्यं मनात म्हणून पाहिली. एक आपसूक येत होतं. दुसरं येतच नव्हतं. ते म्हणाले, आठवडाभर विचार करा, पुढच्या बुधवारपर्यंत मला फोन करा. मी म्हणाले, विचार करायला काय आहे त्यात?

"कुणी विचारलं का हो तुम्हाला?" ते म्हणाले. "पहिल्यापासून, कुणी एकदा तरी?"

३१ मे

बेकरीत गेले. एक मोठा पाव घेतला, दुकानाचं दार आतून लावलं आणि उभ्या उभ्या अर्धा संपवला. काही लावलं नाही, लोणी नाही, काही नाही. चव कशी होती ते सांगता येणार नाही. पण खाऊन झाल्यावर मला स्पष्ट कळलं की मला उद्याही तो हवा आहे, परवाही, पाच वर्षांनीही. कितीतरी महिन्यांत मला एवढं साफ काही कळलं नव्हतं.

२ जून

८१.२. आहारतज्ज्ञ बाईंच्या हिशेबाने हे नुसतं पाणी.

भीती वाटते. हे लिहिलं आणि पाहिलं, खरंच वाटते. कापायची वाटते. मरणाची वाटते. एकच उरेल आणि वजन पुन्हा वर चढेल आणि मग कुणाचं मला जुळणार, मला तर मागे ना पुढे कुणी. हे आईचे शब्द मी आत्तापर्यंत आईच्याच बाजूने वाचत होते.

३ जून

लोक म्हणतील, बाईने पावापायी भाऊ सोडला. लोकांना कळणारच नाही म्हणा, तशी सोयच आहे. पण मला कळेल. आणि ते म्हणतील ते अगदीच खोटंही नसेल.

धाकट्याला शाळेत पाठवायचं म्हणून मी शाळा सोडली तेव्हा मी हो म्हणाले होते. आई माझ्याकडे राहील, यालाही मीच हो म्हणाले होते. आठवून पाहिलं, कुणी विचारलंच नव्हतं. मी आपली उत्तरं देत आले.

माझा त्याच्यावर जीव आहे. हेही लिहून ठेवते, नाही तर वही वाचणाऱ्याला वाटेल नाही. वाचणारं कुणी नाही, तरी.

५ जून

सकाळी दुकानातून फोन केला. म्हणाले, "नको." आवाज नेहमीसारखाच निघाला. ते म्हणाले, ठीक आहे, पत्र जाईल. आणखी काही विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि बँकेतल्या बाईंच्या चौथ्या ड्रेसला पट्टी जोडली.

७ जून

पत्र आलं. आईने दोनदा वाचून घेतलं. मी जय्यत तयारीत होते. ती रागावेल, बोलेल, अबोला धरेल. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि डोक्यावर हात ठेवला. "तू तरी काय करणार गं. पाच महिने उपाशी राहिलीस. आपलं नशीबच असलं." मग तिने माझ्यापुढे पाव ठेवला आणि खा, खा म्हणत राहिली.

तो घास काही केल्या उतरेना. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर उतरला असता.

भावजयीने पत्र हातात घेतलं, वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मग मला घट्ट मिठी मारली आणि सोडेचना. इतके दिवस वाटत होतं, तिला माझ्याबद्दल फारसं काही नाही. माणूस कळत नाही.

११ जून

मंगळवार. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. पँटा घेतल्या बरोबर, तळ शिवायला तीन होत्या.

धाकटा मशीनला लागला होता. मी खुर्ची ओढून सुई ओवली. पहिल्यांदा दोरा गेला नाही.

"तुझंही बसलं नाही म्हणे," तो म्हणाला.

"नाही बसलं."

"कुणालाच बसत नाही बघ मी." हसला. मग म्हणाला, "बरं झालं, ताई."

"काय बरं झालं?"

"यादीत नाव आहे माझं. लागला नंबर तर लागला. नाही तर हे आहेच." त्याने मान मशीनकडे केली. "शेवटपर्यंत ऐकून घेतलंस ना?"

मी हो म्हणाले. तो माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिला की मला खाली पँटकडे पाहावं लागलं. राग आला का, असं विचारायचं होतं. विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी टाके घालत राहिले.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "रडायचं असलं तर इथे रडून घे. या मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही. मी दर खेपेला रडतो, दुसरा तास लागला की. भिंतीकडे तोंड करतो. नर्सला वाटतं झोपलो."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

एवढे मंगळवार मी याच खुर्चीत होते. हातभर अंतरावर. काजं करत होते, बटणं लावत होते, वेळ बरा जातो असं या वहीत लिहून ठेवलंय. एकदाही मान वर केली नाही.

मला रडू आलं नाही. पण छातीत काहीतरी दुखायला लागलं, चांगलं दुखायला लागलं, आणि थांबेना. दुसरा तास लागला तसं त्याने भिंतीकडे तोंड वळवलं. खांदा हलायला लागला. मी सुई पँटेत खोचली, पँट खाली ठेवली आणि त्याचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. त्याने तो काढून घेतला नाही.

चार तास झाल्यावर नर्स सुया काढायला आली. म्हणाली, "बाई, हात सोडा जरा."

"सुया त्या हाताला आहेत," मी म्हणाले, आणि धरून बसले.